जुने नाणे महाग का नसते?

पुष्कळ मराठी घरांत एक डबा असतो. बिस्किटांचा पत्र्याचा, नाही तर गोळ्यांचा. त्यात एखादा भोकाचा पैसा, कंगोऱ्यांची दहा पैशांची नाणी, चौकोनी पाच पैसे, षटकोनी तीन पैसे, एखादी चवली आणि देवघरातून कधी तरी इकडे आलेला राणीछाप रुपया अशी मंडळी एकत्र नांदत असतात. वर्गात दशमान पद्धत चालू असो, धातू चालू असोत की इतिहासाची साधने. नाण्यांचा विषय निघाला की एक हात वर होतोच. "सर, आमच्याकडे जुनी नाणी आहेत. त्यांचे किती पैसे येतील?"

खरे उत्तर "फारसे नाहीत" असे आहे. ते ऐकले की लगेच दुसरा प्रश्न येतो. "आत्ता नाहीत, पण जपून ठेवली तर पुढे येतील ना?" हा दुसरा प्रश्न आम्हाला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. त्याचे उत्तर शोधताना थोडे गणित, थोडे रसायनशास्त्र आणि थोडा इतिहास, तिन्ही लागतात. शिवाय याच प्रश्नाचे खोटे उत्तर गळी उतरवून लोकांना लुबाडण्याचा धंदा अलीकडे जोरात चालला आहे, आणि त्यात फसणाऱ्यांत शिकलेली माणसेही असतात. म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन पाहू या.

वय म्हणजे किंमत नव्हे

सुरुवात आपल्याच मातीतल्या नाण्यापासून करू. शिवराई हा शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांचा राज्याभिषेक १६७४ मध्ये झाला. पण शिवराई त्यांच्या हयातीपुरती राहिली नाही. पुढच्या छत्रपतींच्या काळात, पेशवाईत, अनेक टाकसाळींत ती पाडली जात राहिली आणि एकोणिसाव्या शतकातही खेड्यापाड्यांतल्या बाजारात चालत होती. इतकी वर्षे, इतक्या ठिकाणी पाडल्यामुळे तिची संख्या प्रचंड झाली. आज पेशवाईतली झिजलेली शिवराई नाण्यांच्या विक्रेत्यांकडे ढिगाने असते आणि हॉटेलातल्या एका थाळीच्या पैशांत ती घरी आणता येते. वय दोनशे वर्षे, किंमत थाळीएवढी!

उलट महाराजांचा सोन्याचा होन घ्या. राजा तोच, काळ तोच. पण होन इतके थोडे उरले आहेत की त्याची गाठ पडलीच तर वस्तुसंग्रहालयाच्या काचेआड. हा फरक केवळ सोने आणि तांबे या धातूंचा नाही. होनात जेवढे सोने आहे, त्याच्या बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त किंमत संग्राहक त्याला देतात.

याहून जुन्याची गोष्ट हवी असेल तर इंग्लंडमध्ये जावे लागेल. तिथे सॉमरसेट परगण्यात फ्रोम या गावाजवळ २०१० मध्ये एका हौशी शोधकर्त्याला शेतात पुरलेला रांजण सापडला. त्यात तिसऱ्या शतकातली रोमन नाणी होती, एकूण ५२,५०३. सरकारी मूल्यमापन समितीने साऱ्या ठेव्याची किंमत ३,२०,२५० पौंड ठरवली. विद्यार्थ्यांना भागाकार करायला सांगा. नाण्यामागे सरासरी सहा पौंडांच्या थोडे वर येतात. त्यातही काही चांदीची नाणी दुर्मीळ होती, म्हणजे उरलेल्या सामान्य नाण्यांच्या वाट्याला सहा पौंडही आले नसणार. सतराशे वर्षे जमिनीत राहून ही कमाई!

तेव्हा वय बाजूला ठेवू. मग किंमत ठरते कशावर? आज किती नाणी उरली आहेत, ती कितीजणांना हवी आहेत, आणि हातातले नाणे कोणत्या स्थितीत आहे यांवर. यातला पहिला मुद्दाच सर्वांत गमतीचा आहे, म्हणून त्याच्यापाशी जास्त थांबू.

पाडलेली आणि उरलेली

किती नाणी पाडली आणि किती उरली हे दोन वेगळे आकडे आहेत. पंचम जॉर्जच्या नावाचा १९११ चा रुपया हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. राजाच्या अंगावरच्या मानचिन्हांच्या साखळीत एक हत्ती कोरला होता. कोरणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड काढली, की लोकांना तो डुक्कर वाटला. नाराजी पसरली. मुंबई आणि कलकत्ता मिळून सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांतले सुमारे ७ लाख बाहेर गेले होते. उरलेले सरकारने वितळवले, आणि १९१२ च्या रुपयावर नीट सोंड असलेला हत्ती आला. आजही संग्राहक या 'डुकराच्या रुपया'ला १९१२ किंवा १९१८ च्या रुपयापेक्षा जास्त पैसे मोजतात.

१९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया तर त्याहून दुर्मीळ. जुन्या प्रमाणाच्या चांदीचा, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला, तो शेवटचा रुपया. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी घालू लागले आणि जुने रुपये सरकारने चलनातून काढून घेतले. १९३९ च्या रुपयाला लोकांच्या पेट्यांत शिरायला सवडच मिळाली नाही. (म्हणूनच १९३९ साल कोरलेले बनावट रुपयेही बाजारात भरपूर आहेत, हे सांगून ठेवतो.) ब्रिटनमधल्या १९३३ च्या पेनीची कथा आणखी वेगळी. त्या वर्षी बाजारात पेन्या इतक्या होत्या, की नव्या पाडायची गरजच नव्हती. इमारतींच्या पायाखाली ठेवायला आणि संग्रहालयांना द्यायला म्हणून मोजक्या पाडल्या गेल्या. आज जेमतेम सात ज्ञात आहेत.

या तिन्ही नाण्यांच्या वाट्याला काही तरी विशेष घडले. आपल्या डब्यातल्या दहा पैशांच्या नाण्याच्या बाबतीत असे काहीही घडलेले नाही. ते कोट्यवधींनी पाडले गेले, बाजारात फिरले आणि शेवटी डब्यात आले. मग अशी नाणी हळूहळू हरवत जाऊन कधी तरी दुर्मीळ होतील का?

हरवण्याचे गणित

उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना किरणोत्सारी ऱ्हासाचे सूत्र माहीत असते. तेच इथे वापरता येते. समजा एका वर्षी १० कोटी नाणी पाडली. चलनात फिरताना त्यांतली दरवर्षी शेकडा ३ नाहीशी होतात: गटारात पडतात, नदीत टाकली जातात, मोडीत जातात, झिजल्यामुळे बँकेमार्फत परत जातात. (नदीत टाकलेली सगळी हरवतात असे मात्र नाही. तीर्थक्षेत्रांच्या घाटांवर दोरीला चुंबक बांधून पाण्यातली पोलादी नाणी काढणारी मुले आपण पाहिलेली असतील.) या दराने २३ वर्षांत नाणी निम्मी होतात. ६९ वर्षांत तीन वेळा निम्मी, म्हणजे एक अष्टमांश. दहा कोटींचे सव्वा कोटी उरले. दुर्मीळपणा दूरच राहिला.

आता दर फार मोठा धरू, दरवर्षी शेकडा १०. मग ६९ वर्षांनी दहा कोटींपैकी सुमारे ७० हजार उरतील. हा आकडा आशादायक वाटतो. एवढ्या मोठ्या देशात ७० हजार म्हणजे काहीच नाही.

पण या हिशोबात एक गोष्ट राहून गेली: डबा. डब्यातले नाणे चलनात फिरत नाही, झिजत नाही, गटारात पडत नाही. समजा दहा कोटींपैकी शेकडा २ नाणी, म्हणजे २० लाख, सुरुवातीलाच डब्यांत गेली आणि तिथे दरवर्षी शेकडा १ एवढीच हरवतात. ६९ वर्षांनी त्यांतली निम्मी, म्हणजे १० लाख शिल्लक असतील. बाहेर फिरणाऱ्या ९ कोटी ८० लाखांतून उरली सुमारे ६८ हजार, आणि डब्यांतल्या २० लाखांतून १० लाख! ज्यांनी भौतिकशास्त्र शिकवले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. कमी अर्धायुष्याचा आणि जास्त अर्धायुष्याचा असे दोन किरणोत्सारी पदार्थ एकत्र असले, तर शेवटी दीर्घायुषीच उरतो, मग तो सुरुवातीला कितीही थोडा असो.

वरचे दर आम्ही समजुतीसाठी धरलेले आहेत, टाकसाळीच्या नोंदीतले नव्हेत. ते बदलून पाहा. पण कोणतेही सयुक्तिक आकडे घेतले तरी निष्कर्ष एकच निघतो. सामान्य नाण्याचे भवितव्य बाजार ठरवत नाही, डबे ठरवतात. आणि डबे ठेवण्यामागचे कारण काय? पुढे किंमत येईल ही आशा. म्हणजे जी आशा नाणी जपायला लावते, तीच त्यांना दुर्मीळ होऊ देत नाही.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, तेव्हा हेच पुन्हा घडले. बँकांत परत गेलेली गेली; पण 'आता ही मिळायची नाहीत' म्हणून घरोघरी चार-आठ नाणी बाजूला निघाली. चार आणे बंद झाले हे खरे, चार आणे संपले हे खरे नाही. (५० पैशांचे नाणे अजून कायदेशीर चलन आहे. दुकानदार ते घेत नाहीत, ती बाब वेगळी.)

ज्या नाण्यांवर 'आठवण' असा शिक्काच बसलेला असतो त्यांचे तर विचारूच नका. स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ मध्ये पंडित नेहरूंची निघाली, पाठोपाठ १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीची. लोकांनी ती आठवणीने ठेवून दिली आणि म्हणून ती आजही हवी तितकी मिळतात. वैष्णोदेवीचे चित्र असलेली ५ आणि १० रुपयांची नाणी २०१२ ची. त्यांना लाखांत किंमत मिळते ही आवई अनेकदा उठली, आणि प्रत्येक आवईगणिक ती जपणारे वाढले.

कुणाला हवे आहे?

दुर्मीळ असले म्हणजे महाग असते, हेही अर्धेच खरे. आपल्या शाळेच्या एखाद्या जुन्या स्नेहसंमेलनाचे तिकीट कदाचित जगात एकच उरले असेल. ते कोणी विकत घेणार नाही. याच्या उलट अमेरिकेतला १९०९ चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीतला आणि मागे शिल्पकाराची आद्याक्षरे असलेला लिंकनचा सेंट पाहा. तो ४,८४,००० इतका पाडला गेला, म्हणजे दुर्मीळ म्हणावा असा नाही. तरी त्याला शेकडो डॉलर मिळतात. कारण लिंकनचे सेंट सालवार जमवणे हा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा छंद आहे, आणि त्या मालिकेतली ही एक जागा प्रत्येकालाच भरायची असते.

आपल्याकडेही सालवार आणि टाकसाळवार जमवणारे आहेत. नाण्यावर सालाखाली बारीक चिन्ह असते. चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. १९८० नंतरच्या दशकात सुट्ट्या पैशांची टंचाई झाली तेव्हा परदेशी टाकसाळींतूनही नाणी पाडून घेतली गेली. १९८५ च्या काही रुपयांवर ब्रिटनमधल्या टाकसाळींची चिन्हे दिसतात. डब्यात खरोखर काही निघायचे असेल तर ते या बारकाव्यांत निघेल. एखाद्या साल-टाकसाळीची जोडी कमी पाडली गेलेली असते आणि तिला चार पैसे जास्त मिळतात. पण 'चार पैसे जास्त' म्हणजे लाखो नव्हेत, हे विसरू नये.

चक्रवाढीशी तुलना करणेही उद्बोधक आहे. १९६५ मध्ये दहा पैसे डब्यात टाकण्याऐवजी शेकडा ७ दराने चक्रवाढीने ठेवले असते, तर साठ वर्षांत ते अठ्ठावन्न पट होऊन ५ रुपये ८० पैसे झाले असते. विक्रेता आज तसले सामान्य नाणे आपल्याला पाच-दहा रुपयांना देईल. म्हणजे डबा बँकेच्या बरोबरीने चालला की! नाही, कारण ती त्याची विकण्याची किंमत आहे. आपण विकायला गेलो तर तो नाणी मोजणारही नाही, ढिगाचा भाव करील. आणि बरोबरीने चालला असे धरले तरी दहा पैशांचे सहाच रुपये झाले. कितीही पट झाली तरी मूळ रक्कमच चिमुकली, ही गोष्ट 'शंभर पट वाढ' असल्या शब्दांपुढे विसरली जाते.

या साऱ्याला एक अपवाद आहे, तो चांदीचा. राणीछाप रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्याचे बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणा, की त्याचे किमान मोल निघाले. १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅमच चांदी आहे. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया तर निव्वळ निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो. हे सराफाच्या दुकानात जाण्यापूर्वी घरीच पाहता येते.

चिंच लावू नका

नाण्याच्या स्थितीचा प्रश्न आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. एकाच सालाच्या, एकाच टाकसाळीच्या दोन नाण्यांच्या किमतींत दहापट फरक केवळ स्थितीमुळे पडू शकतो. आणि आपल्याकडे दिवाळी आली की नाण्यांवर चिंच, लिंबू, राख, रांगोळी यांचा मारा सुरू होतो.

तांब्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षे ऑक्साइडांचा पातळ तपकिरी थर बनतो. तो घट्ट बसलेला असतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल हा थर विरघळवते. खालचा लालसर धातू उघडा पडतो, तासाभरासाठी छान दिसतो आणि मग पहिल्यापेक्षा लवकर, डाग-डाग पडून काळवंडतो. दर वर्षी असे केले की दर वर्षी थोडे तांबे चिंचेबरोबर मोरीत जाते. चांदीवरचा काळा थर सल्फाइडचा. तो राखेने घासला की अक्षरेही घासली जातात.

नव्या नाण्याची झळाळी घासून परत आणता येत नाही, यामागे सुंदर कारण आहे. साच्याच्या प्रचंड दाबाखाली धातू बाहेरच्या बाजूला किंचित वाहतो. त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात आणि नाणे कलते केले की त्यांवरून प्रकाशाचे पट्टे फिरताना दिसतात. घासल्यावर या रेषा जातात आणि त्यांच्या जागी ओरखडे येतात. चकाकी दोन्हींत असते, पण साध्या भिंगाखालीही जाणत्याला फरक कळतो. घासलेले नाणे तो बाजूला ठेवतो.

तेव्हा नाणे कडांना धरावे, बोटाचा घाम पृष्ठावर लागू देऊ नये. धुवायचेच असेल तर साध्या स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे, घासू नये. पीव्हीसीच्या मऊ पारदर्शक पिशव्या टाळाव्यात. त्यांतून सुटणारी द्रव्ये तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर चढवतात. कागदी पाकीट बरे.

लाखाच्या गोष्टी

आता फसवणुकीकडे वळू. तिचा साचा ठरलेला असतो. 'हे नाणे असेल तर अमुक लाख रुपये' अशी जाहिरात किंवा निरोप येतो. आपण फोटो पाठवतो. पलीकडून लगेच होकार येतो. घासाघीस नाही, नाणे हातात घेऊन पाहणे नाही. मग नोंदणीचे थोडे पैसे मागतात. नंतर कर, नंतर कमिशन, नंतर 'रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे' शुल्क. रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्रही येते. प्रत्येक रक्कम पुढच्या लाखांच्या मानाने लहान, म्हणून माणूस भरत जातो. अखेर पलीकडचा दूरध्वनी बंद होतो आणि नाणे आपल्याकडेच राहते.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवेदन काढून सांगितले आहे की बँक अशा व्यवहारांत नसते, त्यांसाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि कुणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत. हे निवेदन शाळेच्या फलकावर लावण्यासारखे आहे. आणि विद्यार्थ्यांना एवढा एकच प्रश्न विचारायला शिकवावे: आपले नाणे विकत घेणारा आपल्याकडूनच पैसे का मागतो?

दुसरा प्रकार खोट्या सालांचा. रामपंचायतन किंवा हनुमानाचे चित्र, मागे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८, कधी १७१७, कधी चक्क १६१६ हे साल, अशी जाडजूड 'नाणी' अनेकांच्या देवघरात आहेत. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. १६१६ मध्ये कंपनी सुरतेत वखार चालवत होती. मुंबई बेट तिच्याकडे आले ते १६६८ मध्ये. ही अलीकडच्या काळात बनवलेली शोभेची चकती आहे. देवघरात तिचे स्थान असू द्यावे, पण तिच्यावरून इतिहास सांगू नये. हीच चकती 'तांदूळ ओढते' असे सांगून मोठ्या रकमांचे व्यवहार झाले आहेत आणि पोलिसांपर्यंत गेले आहेत. तांदूळ चुंबकाकडे ओढला जात नाही. ओढला गेलाच, तर दाण्यांत लोखंडाची भुकटी आहे का ते पाहावे. दुसऱ्या घरचे तांदूळ आणून प्रयोग करायची मागणी केली की बहुधा प्रयोग तिथेच संपतो.

खऱ्या नाण्यावरचे सालही जपून वाचावे लागते. गांधी शताब्दीच्या नाण्यावर '१८६९–१९४८' पाहून ते दीडशे वर्षांचे समजणारे भेटतात. व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया तर १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडला जात होता. मुंबईच्या टाकसाळीत खरे वर्ष ओळखण्यासाठी बारीक ठिपके वाढवत नेत.

वर्गात काय करता येईल

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये चलनातल्या सोन्याच्या नाण्यांवरची साले मोठ्या संख्येने मोजवून घेतली आणि देशात किती नाणी उरली असतील, ती किती झिजली असतील, याचा अंदाज बांधला. असेच काम शाळेत करता येते. प्रत्येकाने घरातला डबा आणावा (चांदीची नाणी घरीच ठेवावीत). साल, मूल्य, टाकसाळ, धातू, चुंबकाला चिकटते की नाही, असा तक्ता करावा. १९५७ ते १९६३ ची पंचवीस नये पैशांची निकेलची नाणी चिकटतील, १९८८ नंतरची पोलादाची पंचवीस पैशांची चिकटतील, मधली तांबे-निकेलच्या मिश्रणाची चिकटणार नाहीत. मग सालवार आलेख काढावा. कोणती साले भरभरून येतात, कोणती येतच नाहीत, हे पाहिले की विद्यार्थ्यांना आपल्या गावापुरता डब्यांचा अंदाज येतो. झीज मोजायला शाळेतला तराजू पुरत नाही. पण वीस नये पैसे एकत्र तोलावेत. त्यांचे वजन ३० ग्रॅम असायला हवे. ते किती कमी भरते?

या नोंदीला एक रकाना आवर्जून जोडावा: नाणे कुठून आले. घरातले, बाजारातले, की जमिनीत सापडलेले. झिजलेल्या शिवराईला विक्रेत्याकडे किंमत नसली तरी ती कोणत्या गावात, कोणत्या नाण्यांबरोबर सापडली याची नोंद असेल, तर तेव्हाचा व्यापार कुठून कुठे चालत होता हे कळायला ती उपयोगी पडते. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. सहल काढता आली तर मुलांनी आपला तक्ता बरोबर न्यावा.

विहिरीचा गाळ काढताना किंवा घराचा पाया खणताना नाण्यांचे मडके निघाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तसे कोणाला सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणूनही नाही. मडके जसे निघाले तसेच ठेवावे, कसे पडले होते त्याचे छायाचित्र घ्यावे, नाणी वाटून घेऊ नयेत, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी त्यांना चिंच लावू नये.